पडद्यामागचा घोडेवाला

ये मंजू, अशी जवळ येऊन बस. म्हणजे मोबाईल जरा डोळ्यांजवळ धर आणि एका बैठकीत वाच. अर्धं वाचून ‘मौसी, बाद में’ म्हणू नकोस. तुझं ते बाद में मला चांगलं ठाऊक आहे, ते कधी उगवतच नाही. मराठी तुला वाचता येते, तेव्हा हिंदीचा आडोसा घ्यायचा नाही. आणि आधी रागावून घेते, म्हणजे मग मोकळ्या मनानं बोलता येईल. आईचं तुझ्याकडे हैदराबादला यायचं तिकीट काढलंस, चांगलं केलंस. पण ते काढलंस कुणा ओळखीच्या कुटुंबाबरोबर. ते लोक येऊनच राहिले आहेत, आईला सोबत घेतील, स्टेशनवर मी गाडी घेऊन उभी राहते, असं तुझं म्हणणं. अगं, असं तर आपण आंब्याची पेटी पाठवतो.

वर मला फोन करून म्हणालीस, “मौसी, आप समझाइए ना उनको। आपकी ही सुनती हैं।”

माझं ऐकते म्हणे. तुझ्या आईच्या डोळ्यांतला उरलासुरला उजेड गेला, तसं तिनं बोलणंही आवरतं घेतलं. चहा पाहिजे का विचारलं तर मान हलवते. हैदराबादला जातेस का विचारलं तर तेवढीही हलवत नाही. न हो, न नाही. तुझी आई, आमची कौसाबाई, गप्प बसली आहे, हे वाक्य मी लिहिते आहे खरी, पण आमच्या कॉलनीतल्या कुणी वाचलं तर म्हणेल, म्हातारी चुकीचं लिहून राहिली.

आणि त्या फोनच्या पाठोपाठ तू तो सिनेमा पाठवलास. घोडेवाली पिक्चर मिल गई, आई को सुनाइए. कुठून शोधलास, कसा शोधलास, मी विचारलं नाही. त्याचं खरं नाव वर इंग्रजीत लिहिलेलं आहे, मी अक्षरं लावून वाचलं. पण ते मला त्याचं नाव वाटेचना. आमच्यासाठी तो घोडेवालाच. काळा-पांढरा, धुळीचा, त्या परक्या मुलखातला घोडेवाला.

मग काय, गुडघ्यांना तेल लावलं आणि निघाले. भनपुरीच्या माझ्या घरून बूढापाऱ्यात तुझ्या आईकडे यायचं म्हणजे हल्ली मला गाव ओलांडल्यासारखं होते. आमच्या दारासमोर ट्रकांची रांग, डिझेलचा वास, तोंडात धूळ. ई-रिक्षावाला भला होता. त्याला म्हटलं, भैया, जरा रेल्वे कॉलनीतून घे. तो म्हणाला, दादी, उधर से लंबा पड़ेगा. म्हटलं, पडू दे.

आम्ही सिनेमे पाहायचो ते रेल्वे इन्स्टिट्यूटचं मैदान अजून आहे. मैदान म्हणजे काय, अर्ध्यात मोटारी उभ्या असतात, अर्ध्यात गवत. पडदा बांधायचे ते दोन लोखंडी खांब होते ना, रुळाचेच तुकडे उभे पुरलेले, त्यातला एक राहिला आहे. त्याच्यावर कुठल्याशा कोचिंगचा फलक लावला आहे. दुसरा कुठे गेला कोण जाणे. रिक्षातून उतरले नाही. उतरलं की चढावं लागते. बसल्या जागेवरूनच पाहिलं, आणि मंजू, मला पहिल्यांदा वास आला. ओल्या चादरीचा.

तुला हे कुणी सांगितलं नसेल. पडदा म्हणजे चार चादरी जोडून शिवलेलं एक मोठं पांढरं कापड. सिनेमाच्या दिवशी दुपारी तो उतरवायचा आणि बादल्यांनी पाणी मारून भिजवायचा. ओला पडदा वाऱ्यानं फडफडत नाही, हे एक. आणि दुसरं, ओल्या कापडातून उजेड आरपार जातो. आरपार का जायला पाहिजे? कारण आम्ही बाया पलीकडे बसायचो. पुरुष सिनेमाच्या मशीनच्या बाजूला, सतरंजीवर, खुर्च्यांवर. बाया आणि लेकरं पडद्याच्या मागे, जमिनीवर, आपापली पोती नि गोधड्या घेऊन. असं कुणी ठरवलं, काहून ठरवलं, ते मी लग्न होऊन आले तेव्हाच जुनं झालेलं होतं. पडदा भिजवायचं काम मात्र बायांचं. स्टार्चचा, शेवाळलेल्या टाकीच्या पाण्याचा, तापलेल्या मातीवर पाणी पडल्याचा, असा तो सगळा एक वास. त्यावर दिवेलागणीला मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कोळशाच्या कांडीचा करपट वास चढायचा. कुणीतरी भाजलेल्या शेंगा फोडायचं. मागे यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळायचे, धडाम, आणि तो धक्का लांबपर्यंत डब्यांतून पळत जायचा. लेकरं दचकायचीच नाहीत. त्या आवाजावरच तर झोपून वाढलेली.

मागून सिनेमा उलटा दिसतो. आरशातल्यासारखा. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. हिंदी सिनेमातल्या नट्या पदर उजव्या खांद्यावरून मागे टाकतात, एवढं आम्ही टिपलं. मुंबईची नवी तऱ्हा असेल म्हणून कॉलनीतल्या दोन-तीन नव्या सुना तशाच नेसायला लागल्या. पाण्याच्या नळावर त्या अशा ऐटीत उभ्या राहायच्या. पुरुष हसायचे, पण का हसतात ते सांगायचे नाहीत. नावं, पाट्या, अक्षरं सगळी उलटी. म्हणजे जिला वाचता येते तिलाही येत नाही. तेव्हा मी नुकती कुठे रद्दीच्या कागदांवरून अक्षरं जुळवायला शिकत होते, आणि मला त्या मागच्या बाजूचं फार बरं वाटायचं. तिथे सगळ्याच अडाणी.

सिनेमाची पेटी पार्सल डब्यातून यायची. कधी यायची, कधी नाही. आली नाही की मशीनवाला आपल्या खोलीतून तो एक सिनेमा काढायचा. तो तिथे कसा राहून गेला, परत काहून गेला नाही, देव जाणे. चादर भिजलेली, लेकरं येऊन बसलेली, मग काय दाखवणार? घोडेवाला. थंडीत घोडेवाला, उन्हाळ्यात घोडेवाला. पेटी आली नाही असं कळलं की बाया म्हणायच्या, चला, आज घोड्यालेच चारा घालू.

गोष्ट तुला माहीतच आहे, तरी पुन्हा सांगते. एक गाव. एक रस्ता, दोन्हीकडे लाकडी घरं, झाड म्हणून नाही. गावाच्या विहिरीभोवती एका माजोऱ्या माणसानं काटेरी तार घातली आहे. एक बाई आहे, तिची खानावळ आहे. कुठूनतरी एक माणूस घोड्यावर येतो, दाढी वाढलेली, हात जखमी. तो काही दिवस राहतो. मग गोळ्या झाडतात, तार तुटते, तो पुन्हा घोड्यावर बसतो. बाई बादली घेऊन बाहेर येते, घोड्याच्या गळ्यावर हात ठेवते आणि त्याला काहीतरी सांगते. बरंच सांगते. मग तो जातो. संपलं.

सगळी बोली इंग्रजी. पुरुषांकडे गार्डसाहेब होते, त्यांना साहेबांच्या हाताखाली राहून इंग्रजी येत होती. ते मोठ्यानं अर्थ सांगत जायचे. गाडीला शिट्टी द्यायची सवय, आवाज तर असा की यार्डात पोचावा. पण ते मशीनपाशी बसायचे, मशीनची घरघर, मध्ये तो ओला पडदा. आमच्यापर्यंत नुसता आवाज यायचा, शब्द नाही.

आमच्याकडे कौसाबाई होती.

तिला इंग्रजी येत नव्हती. मराठी अक्षरही येत नव्हतं. ती सगळ्यांच्या पुढे बसायची, मांडीवर तू, पदराखाली, आणि मान वर करून त्या मोठमोठ्या चेहऱ्यांकडे पाहायची. मग सुरू करायची. “पाय बरं याच्याकडे. दोन दिवसाचा उपाशी आहे पोट्टा. गिळून राहिला ना थुका? पण मागणार नाही. मागायचं तर याच्या घरी कोणी शिकवलंच नाही.” आणि खरंच, पुढच्या क्षणाला खानावळवाली त्याच्यापुढे ताट सरकवायची. बाया एकमेकींकडे बघायच्या. हिला कसं कळलं?

तो घोडेवाला आमच्या बाजूनं डाव्या हातानं बंदूक चालवायचा. तोच नाही, गावातले सगळेच. एकदा कुणीतरी विचारलं की त्या देशात सगळे डावरे काहून? कौसाबाईनं वेळ घेतला नाही. म्हणाली, “ज्या हातानं जेवतेत त्या हातानं जीव घेत नाही थे लोक. तेवढी लाज आहे त्याईले.” सगळ्यांना पटलं. मला तर आजही पटते.

काय काय मतं असायची आमची त्या सिनेमाबद्दल. शेजारची छत्तीसगढी बाई म्हणायची, सगळं ठीक, पण हा आंघोळ कधी करतो? कौसाबाई म्हणायची, विहिरीले तार लावली आहे ना वो, तेच तर भांडण आहे. मग ती बाई “हव, हव” करत गप्प व्हायची. एकीला घोड्याची काळजी. एवढा पळवला, दाणा कुठे दाखवला? एकीचं म्हणणं, त्या माजोऱ्या माणसाची बायको एकदाही दिसत नाही, तिला कोंडून ठेवली असणार. पुढच्या खेपेला कौसाबाईनं ती कोंडलेली बायको गोष्टीत घातली. वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीचा पडदा हलतो, बस, एवढंच आहे सिनेमात. पण आम्हाला त्यानंतर ती दिसायला लागली. मी शपथेवर सांगते, तिच्या कपाळावर खोक होती.

आणि शेवट. बाई बादली घेऊन बाहेर येते तिथे मागची बाजू चिडीचूप व्हायची. काय सांगते ती? पुरुषांना गार्डसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, थांब म्हणते. नको जाऊ म्हणते. पुरुषांचा सिनेमा तिथे संपला. आमचा दर वेळी वेगळा. नवी नवरी बसलेली असली तर कौसाबाई त्या बाईच्या तोंडून म्हणायची, परत येशील तेव्हा जिन्याखालून आवाज दे. कुणाचं लेकरू गेलेलं असलं तर ती बाई वेगळंच काही बोलायची, आणि काय ते मी लिहीत नाही, ते जिचं तिचं. दुसऱ्या दिवशी नळावर मात्र तंटा. पुरुष म्हणायचे, पडद्यामागच्या बायांनो, ती थांब म्हणते, गार्डसाहेब खोटं सांगतील का? कौसाबाई घागर डोक्यावर घेता घेता म्हणायची, “गार्डसाहेबाले गाडी थांबवणंच माहीत आहे, दुसरं काय ऐकू येईन?”

माझ्यावर ते वर्ष आलं तेव्हाचं तुला आठवणार नाही, तू लहान. कसं, काय, त्यात जात नाही. पांढऱ्या कपाळानं मी घराबाहेर पडत नव्हते. ऑफिसातून निरोप होता, नवऱ्याच्या जागी लागायचं तर लाग, आणि सासरची माणसं म्हणत होती, गावी चल. सिनेमाच्या दिवशी कौसाबाई मला हाताला धरून मैदानावर घेऊन गेली. पेटी आली नव्हती. घोडेवाला लागला. मी पाहत नव्हतेच, खाली मान घालून पोत्याचा सुतळीचा टाका उसवत बसले होते. शेवट आला, आणि कौसाबाईच्या तोंडून ती बाई म्हणाली, “जा बाप्पा तू. तू आला तेव्हा खानावळ होती, तू गेला तरी आहे. चूल माझी आहे. मी पाहून घेतो.” माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिनं. मी ऑफिसात लागले. पाणी भरण्यापासून सुरुवात केली, फायलींपर्यंत पोचले, पेन्शन घेते आहे. कोणी विचारलं, कशाच्या जोरावर निभवलं, तर काय सांगू? इंग्रजी सिनेमा पाहून?

तुझ्या बाबांचंही एक सांगून टाकते. ते पुरुषांकडे बसायचे. पण घोडेवाला असला की उठायचे आणि त्या खांबाला टेकून उभे राहायचे, बिडी घेऊन. खांबापाशी उभं राहिलं तर पडदा बाजूनं दिसतो. बाजूनं पडदा म्हणजे काय, एक रेघ. काही म्हणजे काहीच दिसत नाही. लोक समजायचे, नामदेवरावांना बिडी ओढायची आहे. मी मागच्या ओळीतून पाहायचे ना, बिडी विझून जायची आणि ते तसेच उभे. मान आमच्या बाजूला कललेली. घरी कधी बायकोशी दोन शब्द बरे बोलले नसतील ते. पण तिची गोष्ट ऐकायला सिनेमा सोडून उभे राहायचे.

तर असं ते सगळं रिक्षात बसल्या बसल्या. मागून हॉर्न वाजला, रिक्षावाला म्हणाला, दादी, चलें? चल बाबा.

बूढ्या तलावाशेजारून आत वळलो, स्कूटरी, दुकानं, त्या गल्लीत रिक्षा जात नाही. तुझ्या आईचा जिना चढताना मी मध्ये बसले. खोटं काय सांगू, दोनदा बसले. ती खिडकीपाशी खुर्चीत होती, तोंड भिंतीकडे. आता तिला भिंत काय, खिडकी काय. माझ्या पावलांवरून ओळखते. मान हलवली.

मी तिच्या उजव्या अंगाला बसले आणि म्हटलं, मंजूनं घोडेवाला पाठवला आहे. काही नाही. म्हटलं, खाली जगभरच्या लोकांनी मतं लिहून ठेवली आहेत, वाचून दाखवू? काही नाही. मग मी वाचायलाच लागले. मोबाईल ती मतं हिंदीत करून देतो, थोडं वाकडंतिकडं, पण अर्थ लागतो. एकानं लिहिलं होतं, हा मी वडिलांबरोबर पाहिला होता, आता वडील नाहीत, घोड्याच्या टापा ऐकल्या आणि घर आठवलं. एकानं लिहिलं, आजकालच्या पोरांना कळणार नाही, फार हळू आहे. एक म्हणे, सावल्या काय टिपल्या आहेत. दुसऱ्यानं त्यालाच उत्तर दिलं होतं, सावल्या बघायला सिनेमाला जातोस का? त्यावर बाकीच्यांची जुंपली होती. नळावरचा तंटा तो हाच, फक्त घागरी नाहीत. कौसाबाईच्या ओठाचा कोपरा जरासा हलला की मला भास झाला, सांगता येत नाही.

मग एक मत आलं. मी वाचलं आणि वाचल्यावर वाटलं, नको होतं वाचायला. कुणीतरी लिहिलं होतं की सिनेमा उत्तम, पण त्या खानावळवाल्या बाईचं काम उगाच आहे, तिला काढून टाकलं तरी काही बिघडलं नसतं.

“कोण आहे थो?” कौसाबाई म्हणाली.

मंजू, किती दिवसांनी. घसा बसलेला, आवाज खरखरीत. म्हटलं, नाव नाही लिहिलेलं. “त्याले जेवू कोण घातलं असतं मग?” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “लाव थो सिनेमा.”

लावला. मोबाईल तिच्या मांडीवर ठेवला. ती ऐकत होती, मी पाहत होते. पहिल्यांदा मी तो सरळ पाहिला. इतकं परकं वाटलं की काय सांगू. घोडा दुसरीकडूनच आला. खानावळ रस्त्याच्या भलत्या बाजूला. माणूस उजव्या हातानं बंदूक काढायला लागला आणि मला वाटलं, हा कोण, हा आमचा नव्हे. वरच्या मजल्यावरची खिडकी आली. पडदा हलला, आणि मागे कुणीच नव्हतं. खाली हिंदीत अक्षरं येत होती. मी ती वाचून दाखवायला लागले तर कौसाबाईनं हात वर केला, नको. ते मधलं तिला माहीत होतं. तिला फक्त एकच पाहिजे होतं, ते मला कळलं. सगळ्या जन्मात एकदा तरी कळावं की पडद्यावरची बाई खरं काय म्हणाली. गार्डसाहेब गेले, नळ गेला, नामदेवराव गेले. हसणारं कुणी उरलं नाही, आणि तरी तिला कळायला पाहिजे होतं.

शेवट आला. बादली आली. घोड्याच्या गळ्यावर हात.

“वाच,” ती म्हणाली.

आता तुला खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात काय आलं. वाचणारी मी एकटी. ऐकणारी आंधळी. मी म्हटलं असतं की ती बाई थांब म्हणते, नको जाऊ म्हणते, तर कोण तपासणार होतं? आणि मला तेच म्हणायचं होतं गं. तू मला सांगितलंस आईला समजावा, जायला तयार करा. पण ती गेली की या गावात माझ्याशी ‘काहून वो’ म्हणणारं कोण राहते? मुलगा हिंदीत बोलतो, सून हिंदीत, नातवंडं तर मोबाईलशीच. विहारात पौर्णिमेला जाते, तिथेही आता सगळ्या नव्या बाया. ही एकच भिंत राहिली आहे, जिला पाठ टेकता येते. थांब. दोन अक्षरी शब्द. जिभेवर आला होता.

पण अक्षरं खाली येऊन राहिली होती, आणि तिनं कान लावलेला होता. मी होतं तसं वाचलं. ती बाई म्हणते, टेकडीच्या उजवीकडून जाऊ नकोस, तिकडचं पाणी खारं आहे. डावीकडची वाट लांब पडेल, पण सावली आहे. उन्हात घोडा पळवू नको. भाकरी मागच्या पिशवीत आहे, ओल्या फडक्यात, आजच खा.

“अन्?”

“अन् काही नाही. संपलं. तो गेला.”

 खाली गल्लीत कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो किका मारत होता. मग कौसाबाईच्या पोटातून काहीतरी हलत वर आलं. मला वाटलं, रडते की काय. हसत होती. आवाज न करता, अख्खी खुर्ची हलवत.

“आपल्या बाजूनं तर थो उजवीकडेच गेला वो,” ती म्हणाली. “खाऱ्या पाण्याले.”

मग मीही हसले. दोघी म्हाताऱ्या हसून हसून थकलो. हसण्यानंही थकवा येतो या वयात, तुला कळेल पुढे.

चहा मी केला. बशीत ओतून दिला तिला. फुंकर मारत म्हणाली, “म्हणजे थांबही नाही म्हणाली, जाही नाही म्हणाली.” म्हटलं, नाही. “बरोबर आहे,” ती म्हणाली. “निघणाऱ्याले दुसरं काय सांगतेत? वाट सांगतेत.” मी बशी घेतली तिच्या हातातून.  

ती आपणहून पुढे बोलली. सगळं एका दमात, जसं कॉलनीत बोलायची. मी तिचेच शब्द लिहिते, यात माझं काही नाही. “मंजूले सांग, मी येतो. पण मले कोणाच्या संगं पाठवू नको म्हणा. तिनं यावं. डोळे गेले तेव्हापासून हे घर मले पायानं माहीत आहे. उंबरा कुठं, मोरी कुठं, नळ कुठं. तिथलं घर मले कोण दाखवन? तिनं इथं येऊन चार दिवस राहावं, मी कशी चालतो, काय चाचपतो, थे पाहावं, अन् मग हाताले धरून न्यावं. परक्या माणसाच्या हाताले धरून मी लेकीच्या घरी जात नाही.”

एवढं बोलली आणि मान मागे टाकून डोळे मिटले. मिटायची काय गरज, पण सवय आहे.

तर मंजू, तू सांगितलेलं काम मी केलं. आई येते आहे. मला त्याचा आनंद झाला असं मी लिहिणार नाही, पण केलं. आता तू तुझं कर. ते तिकीट फिरव. सुट्टी नाही म्हणू नकोस, सुट्टी मागितली की मिळते. आल्यावर तिच्या उजव्या बाजूनं बोल, डाव्या कानाला हल्ली कमी ऐकू येते, हे ती तुला सांगणार नाही. रात्री भात देऊ नको, ज्वारी नाही मिळाली तर फुलका, पण दुधात कुस्करून. पाणी तांब्यात भरून तिच्या हाताशी ठेव, जागा बदलू नको. तिला हात धरून ओढायचं नाही. आपला दंड पुढे करायचा, ती धरते. तिच्याशी हिंदी बोललीस तरी चालेल, ती समजते, पण दिवसातून एकदा तरी मोडकंतोडकं मराठी बोल. गाडीत खिडकीची जागा दे. दिसत नाही म्हणून काय झालं? वारा लागतो.

आणि अंधार पडायच्या आत पोच. मी तुझ्या येण्यापर्यंत इथेच राहते आहे, भनपुरीला निरोप दिला आहे. गल्लीच्या तोंडाशी आलीस की फोन कर. दार मी उघडीन. फक्त जरा उभी राहा खाली, कडी वाजवू नकोस सारखी. जिना उतरायला मला वेळ लागतो गं.